सोडवणाऱ्यांचा इतिहास

बैलगाडीच्या साटीखाली पूर्वी एक बांबूची नळी टांगलेली असे. तिच्यात एरंडेल आणि काजळी घोटून केलेले काळेकुट्ट वंगण असे. दूरच्या बाजाराला निघण्याआधी गाडीवान चाक थोडे बाहेर ओढी, आसाला वंगण माखी आणि चाक पुन्हा जागेवर सरकवी. तो विसरला की चाक आधी कुरकुरे, मग ओरडे, आणि शेवटी आस झिजून गाडी रस्त्यातच बसे. मराठीने हा अनुभव इतका मनावर घेतला की कचेरीत अडलेले काम पुढे सरकवायलाही आपण ‘वंगण घालतो’.

श्रोतेहो, वाहनांचा इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यात तीन प्रकारची माणसे भेटतात. शोध लावणारी, कारखाने काढणारी आणि रस्ते बांधणारी. त्यांची नावे आहेत, सनावळ्या आहेत, काहींचे पुतळेही आहेत. चौथ्या प्रकारचा माणूस मात्र त्यात सहसा भेटत नाही. बनलेली गाडी चालती ठेवणारा, जाम झालेले न मोडता सोडवणारा. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी गाडीचा एक असा भाग निवडला आहे जो गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही : कमानपाटे.

‘कमान’ हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ धनुष्य. आपण तो दरवाजावरच्या अर्धगोलाला दिला, घड्याळातल्या पोलादी गुंडाळीला ‘कमानी’ म्हणून दिला आणि ट्रकखालच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांनाही दिला. एकावर एक ठेवलेले, खाली लहान होत जाणारे ते पाटे खरोखर ओढलेल्या धनुष्यासारखेच दिसतात. ते वाकवणारा तो उस्ताद, हा शब्दही फारसी. मिस्त्री किंवा मेस्त्री हा पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला. हातोडा, ऐरण, आटे हे आपले घरचे. बुश आणि शॅकल इंग्रजांचे. गॅरेजमध्ये अर्धा तास बसले की चारपाचशे वर्षांचे येणेजाणे कानावर पडते, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता लोखंडाकडे वळू. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड नावाचे गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. नागपूरच्या जवळच माहूरझरी आहे. तिथल्या शिलावर्तुळांत घोड्याचे अवशेष निघाले आणि घोड्याच्या तोंडातले लोखंडी लगामही निघाले. वाहन आणि लोखंड यांची आपल्या मुलखातली गाठ इतकी जुनी आहे. जमिनीतून निघालेली अशी वस्तू गंजाच्या कवचात गुरफटलेली येते. ते कवच उतरवणारा प्रयोगशाळेतला माणूस आणि गाडीखाली पाठीवर झोपलेला मिस्त्री यांचे शत्रुत्व एकाशीच असते, आणि दोघांनाही घाई करून चालत नाही.

गंजाविषयी एक गोष्ट सांगतो. मराठीत ज्याला आपण गंज म्हणतो त्याला उर्दूत ‘ज़ंग’ म्हणतात. खालचा नुक्ता विसरला की त्याचे युद्ध होते. आणि फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना. दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला अशा शब्दांची मौज वाटते. पण लोखंडाच्या दृष्टीने मात्र नुक्त्याशिवायचा शब्दच खरा आहे. लोखंड गंजते तेव्हा ते नुसते खराब होत नाही, ते फुगते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट, कधी कधी सहापटही जागा लागते. उघड्या पत्र्यावर त्या फुगण्याला वाट मिळते आणि त्याचे पोपडे निघतात. पण बोल्ट आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्या केसाएवढ्या फटीत त्याला वाट नसते. तिथे तो दोन्ही बाजूंना दाबत राहतो. दोन लोखंडे एकमेकांना अशी धरतात की वेल्डिंग केले आहे की काय असे वाटावे. मिस्त्री लोकांच्या भाषेत पार्ट जाम होतो तो असा.

लोखंडाच्या फुगण्याआकसण्याचे ज्ञान आपल्या लोहारांना मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगायला नको. धाव चाकापेक्षा किंचित लहान घ्यायची, गोवऱ्यांच्या आगीत तिला लाल करायची, फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, धाव आकसे, आणि चाकाचे आरे तुंब्यात घट्ट बसत. खिळा नाही, स्क्रू नाही. जे आगीने बसते ते आगीने सुटते, हेही त्याच लोहाराला ठाऊक होते. ज्ञान तेच राहिले. पुढच्या काळात ते चाकावरून कमानीपर्यंत आले, एवढेच.

बैलगाडीला कमान नव्हती. रस्त्याचा प्रत्येक दगड गाडीतून सरळ बसणाऱ्याच्या मणक्यात जाई. माणसे नेणाऱ्या आपल्या वऱ्हाडी दमणीत गवत, गादी घालून तेवढे सुख साधत. युरोपातही श्रीमंतांच्या बग्ग्या बराच काळ कातडी पट्ट्यांवर टांगलेल्या असत. १८०४ मध्ये लंडनच्या ओबादाया इलियट या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराने लंबगोल कमानींवर बग्गी बसवण्याचे पेटंट घेतले आणि वाहनाखालची कमान सर्रास झाली. आपल्याकडे ती साहेबाच्या बग्गीखाली आली, टांग्याखाली आली आणि आगगाडीच्या डब्याखालीही आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. इथल्या लोहाराने परदेशी पोलादाचे पाटे जवळून पाहिले, हाताळले, तुटलेले जोडले, ते बग्गी, टांगा आणि रेल्वेच्या निमित्ताने. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मुलांना नेले तर इंजिनाच्या धुराड्याबरोबर जरा खाली वाकूनही पाहायला सांगावे.

मोटार आली आणि रस्त्यांचा प्रश्न उभा राहिला. १९२७ मध्ये त्याचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठी वापरावा अशी तिची शिफारस होती, आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. त्यानंतरची मोठी घटना मात्र आपल्याच गावात घडली. दुसरे महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा त्यांनी तयार केला. देशातल्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘नागपूर योजना’ म्हणून शिकवला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तिथली. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे उद्दिष्टही तिथले.

त्या योजनेतले एक वाक्य मला फार बोलके वाटते. शेतीने संपन्न भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे अभियंत्यांनी ठरवले. त्या काळी हे मोठेच स्वप्न होते. पण या वाक्याची दुसरी बाजू अशी की उरलेले पाच मैल कागदावर कुणाचेच नव्हते. ते काळ्या मातीचे, नाल्याचे, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे पाच मैल. त्या पाच मैलांचा हिशेब कमानपाट्यांनी भरला. आपली काळी माती पावसात पाट्यांना, शॅकलला, बोल्टांना लिंपून बसते. तिच्यातले पाणी लवकर सुटत नाही. मग नागपूरचा मे महिना येतो आणि आतले असेल नसेल ते ग्रीस सुकवून टाकतो. कोकणात खारी हवा लोखंड खाते, आपल्याकडे ते काम माती आणि ऊन मिळून करतात.

महायुद्धाने आणखी एक वाहन दिले, जीप. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप त्या युद्धासाठी बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळशा लष्करी ‘डिस्पोजल’मधून बाजारात आल्या. दरम्यान १९४५ मध्ये कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली होती. तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आद्याक्षरे मात्र तीच राहिली. स्वातंत्र्याच्या आगेमागेच या कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला घेतली. त्या जीपच्या वंशातली वाहने विदर्भाच्या जंगलखात्यात, पोलिसांत, तहसिलीत आणि निवडणुकीच्या धुरळ्यात दोन पिढ्या धावली. त्या पाटीवरून एक नाव उतरले तरी त्या गाड्यांखाली झोपून त्या चालत्या ठेवणाऱ्यांत मोहम्मद नावाचे लोक भरपूर होते, आणि त्यांचे शागीर्द महादेव नावाचेही होते.

त्या युद्धकालीन जीपच्या काही शॅकलचे आटे उलटे असत. म्हणजे नेहमीच्या दिशेने पाना फिरवला की ते सुटण्याऐवजी आवळत. ओळखण्यासाठी त्यांच्यावर छोटी खूण असे. आमच्या मोहल्ल्यातले एक वयोवृद्ध उस्ताद शागिर्दाला पहिला धडा हाच देत : पाना लावण्याआधी आटे कोणत्या हाताचे ते बघ. हा धडा कोणत्याही पुस्तकातून त्यांच्याकडे आला नव्हता. तो त्यांच्या उस्तादांनी दिला होता, आणि त्या उस्तादांनी तो एखाद्या डिस्पोजलच्या जीपखाली घाम गाळून मिळवला असावा.

१९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली आणि जर्मन बनावटीची तीनचाकी महाराष्ट्राच्या रस्त्यावर आली. तिने आपल्याला इतके व्यापले की माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी आपण आजही टेम्पो म्हणतो. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. मग पिकअप आल्या. सरकारनेही कारागीर घडवण्याची सोय केली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, गावोगावी आयटीआय निघाल्या. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्या हिंगण्याला आहेच. पण अमरावती रस्त्यावर वाडीला उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा आणि कळमन्याच्या बाजारात माल टाकणाऱ्या पिकअप यांचा रोजचा गाडा हाकला तो झाडाखालच्या, टपरीतल्या, पाटी नसलेल्या गॅरेजांनी.

हे सगळे मला नीट कळले ते एका पिकअपमुळे. माझा पुतण्या पिकअप चालवतो. काटोलकडची संत्री कळमन्याला आणायची आणि परत जाताना खताची पोती न्यायची, असा त्याचा धंदा. खत हे लोखंडाचे फार वाईट सोबती. सांडलेली भुकटी दमट हवेत पाणी धरते आणि खाली जे असेल ते कुरतडते. जानेवारीच्या शेवटी गाडी डाव्या अंगाला बसली. मागचा एक पाटा तुटला होता. पाटा बदलायचा तर कमान खाली घ्यायला हवी, आणि कमान ज्या बोल्टांवर टांगलेली असते ते चारच्या चार जाम. एका वर्कशॉपने सांगितले, सगळे गॅसने कापावे लागेल, ब्रॅकेटसकट नवे बसवावे लागेल, आठ दिवस गाडी इथे राहील. त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या दोन हप्त्यांएवढा होता. मृगाच्या बहाराची संत्री तोंडावर आली होती, आणि गाडी फिरली नाही तर हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न होता. पुतण्या म्हणाला, “चाचा, अंगणात करू का?”

मी उस्तादांकडे गेलो. त्यांचे वय झाले आहे, हात कापतो, गाडीखाली त्यांना जाता येत नाही. ते म्हणाले, “हात तुमचे, डोके माझे. खुर्ची तेवढी द्या.” आमच्या अंगणातल्या फरशीवर त्यांनी खुर्ची टाकली आणि चार दिवस तिथून हुकूम दिले.

पहिला हुकूम गाडीच्या वजनाविषयी होता. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मागचा भाग जॅकने उचलायचा, पण जॅकच्या भरवशावर ठेवायचा नाही. चेसिसखाली दोन भक्कम लोखंडी घोड्या. विटा नाहीत, विट कधी फुटेल ते सांगून फुटत नाही. मागच्या आसाखाली वेगळा जॅक, आणि तो इतकाच वर-खाली की कमानीवर ना गाडीचे ओझे राहील ना चाकांचे. उस्ताद म्हणाले, कमानीत जोर अडकलेला असतो. तो आधी काढा, मग नटाला हात लावा.

दुसरा हुकूम ऐकून पुतण्या वैतागला. पहिल्या दिवशी पाना लावायचाच नाही. तारेच्या ब्रशने आट्यांवरची माती आणि गंज काढायचा आणि गंज सैल करणारे तेल सोडायचे. उस्तादांच्या काळी रॉकेल आणि डिझेल चाले. आता फवाऱ्याच्या डब्यात तयार तेल मिळते. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, आणि प्रत्येक वेळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके. ठोक्यांनी गंजात बारीक भेगा जातात आणि तेल आत झिरपते. दोन दिवस एवढेच. शेजारी येऊन विचारत, काही सुटले का? उस्ताद सांगत, सुटतंय, दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी पाना लागला, तोही आधी आवळण्याच्या दिशेने. किंचित आवळले की गंजाची पकड तुटते, मग उलटे फिरवायचे. केसभर सुटले की पुन्हा आवळायचे, तेल सोडायचे, पुन्हा सुटण्याकडे. एका दमात फिरवू पाहणारा बोल्ट मोडतो, आणि मोडलेला बोल्ट काढणे हे जाम बोल्टाच्या दसपट काम. एक नट असा आला. उरलेल्यांना आग दाखवावी लागली. त्याआधी उस्तादांनी ब्रेकच्या नळ्या कुठे आहेत, डिझेलची टाकी किती लांब आहे, हे माझ्याकडून दोनदा मोठ्याने वदवून घेतले. ओले पोते आणि वाळूची बादली शेजारी ठेवायला लावली. आग बोल्टाला द्यायची नाही, त्याच्याभोवतीच्या लोखंडाला द्यायची. ते फुगले पाहिजे, बोल्ट नाही. ते सांगत असताना मला गोवऱ्यांच्या आगीतली धाव आठवली. आतले रबरी बुश जळून काळा धूर निघाला. त्या धुरात थांबायचे नाही, दूर व्हायचे. ते बुश तसेही नवे घालायचे होते.

चौथ्या दिवशी तीन बोल्ट निघाले. नट पूर्ण काढून न घेता बोल्टाच्या टोकाशी सपाट आणला, म्हणजे हातोडीने आटे पसरत नाहीत. मध्ये पितळेची जाड कांडी धरली, आणि घाव घातले. पितळ स्वतः चेपते, पोलादाला जपते. चौथा बोल्ट, कमानीच्या पुढच्या डोळ्यातला, आतल्या नळीशी एकजीव झाला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो. उस्ताद म्हणाले, “याला आता सोडा. हा कापायचा.” कमानीचा डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत करवत घालून, दोन्ही बाजूंनी, ब्रॅकेटला ओरखडा न जाऊ देता तो कापला. कापायचे केव्हा हे ओळखणे हाही त्या विद्येचाच भाग आहे. चारही कापणे सोपे होते, पण तीन वाचले आणि चारही ब्रॅकेट शाबूत राहिली, म्हणून हप्ता भरता आला.

तुटका पाटा गावातल्या कमानवाल्याकडून नवा करून आणला. नवे बुश बसवले, बोल्ट तांब्याची भुकटी असलेल्या ग्रीसमध्ये माखून घातले, पुढे कधी कुणाला ते पुन्हा सोडवायचे असतील म्हणून. शेवटचा आवळा मात्र गाडी चाकांवर उतरवून, वजन खाली आल्यावर. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. हे कारण उस्तादांनी ‘रबर को बैठने दो, फिर बांधो’ एवढ्या सहा शब्दांत सांगितले. अभियांत्रिकीच्या पुस्तकात त्याला अर्धे पान लागेल.

उस्तादांना दोन मुलगे आहेत. एक मोबाइल दुरुस्तीत आहे, एक नोकरीला. या कामाला आता त्यांच्याकडे शागीर्द नाही. नव्या गाड्यांत ग्रीस भरण्याची निपलच पुष्कळ ठिकाणी राहिलेली नाही. पार्ट बंद येतो, बिघडला की पुरा बदलायचा. यात सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. रोज ग्रीस भरायला कुणाला वेळ आहे? पण बदलणे परवडत नाही असा माणूस आपल्या देशात बहुसंख्य आहे, आणि त्याच्या घरचा हप्ता सोडवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

ही चिंता आता सरकारदरबारीही पोचली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवायला समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरातली यंत्रे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. कंपनीने माहिती द्यावी, सुटे भाग द्यावेत, ग्राहकाला हवे तिथे दुरुस्ती करून घेता यावी, असा त्यामागचा विचार. विचार उत्तमच आहे. फक्त हक्क कागदाने मिळतो, हुन्नर माणसाकडून माणसाकडे जातो. दुरुस्तीचा हक्क मिळेपर्यंत दुरुस्त करणारा राहिला नाही, तर त्या हक्काचे काय करायचे?

संगीतात आपण घराणी सांभाळली. कोणता गवय्या कुणाचा शागीर्द, त्याचा उस्ताद कोण, ही वंशावळ रसिक तोंडपाठ सांगतात. लोखंडाच्या कामातही तशीच घराणी आहेत. जीपचे उलटे आटे शिकवणारे, धाव चढवणाऱ्या लोहाराकडून आग घेणारे, टेम्पोखाली वाढलेले. या घराण्यांत जातपात आणि धर्म यांची सरमिसळ इतकी आहे की वंशावळ काढायला बसलो तर आपले पुष्कळ समज गळून पडतील. खांडेनवमीला आणि दसऱ्याला कितीतरी मुसलमान मिस्त्रींच्या गॅरेजात पान्यांना झेंडूचा हार घातलेला मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

हे काम मोठ्या संस्थांची वाट पाहत थांबायला नको. शाळेतल्या मुलांना ते प्रकल्प म्हणून देता येईल, वाचनालयांना करता येईल, तुम्हाआम्हालाही करता येईल. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. पुढच्या वेळी गाडी घेऊन मिस्त्रीकडे जाल तेव्हा काम होईस्तोवर त्यांच्याशी बोला. त्यांना त्यांच्या उस्तादाचे नाव विचारा. ते सांगतील, आणि बहुतेक वेळा उस्तादाच्या उस्तादाचेही सांगतील. ते नाव लिहून घ्या. आपला हा इतिहास तिथून लिहायला सुरुवात करता येईल.